यादीत नसलेली, कपाटात असलेली पुस्तके

गिरगावातील एका जुन्या मराठी ग्रंथालयाचे संगणक सांभाळण्याचे काम माझ्याकडे आहे. उंदराने कुरतडलेली केबल बदलण्यापासून कार्यकारिणीच्या सभेत पन्नास रुपयांच्या खर्चाचे समर्थन करण्यापर्यंत सगळे त्यात येते. तेथील संगणकांवर विंडोज ७ होते. त्याचा अधिकृत आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला, पण ‘चालतंय ना, मग राहू द्या’ हे कार्यकारिणीचे धोरण त्यानंतरही अनेक वर्षे टिकून राहिले. शेवटी मुख्य संगणकाची हार्ड डिस्क बसली, तेव्हा हा विषय पहिल्यांदा गांभीर्याने निघाला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, या यंत्रांत दोन्ही नव्हते आणि नवी यंत्रे घेण्याइतके पैसे नव्हते. म्हणून लॅमिंग्टन रोडवरून एसएसडी आणि जुनी रॅम आणून मी त्या यंत्रांवर डेबियन १३ हे फुकट मिळणारे लिनक्स आणि एक्सएफसीई हा त्याचा हलका डेस्कटॉप बसवला. हा भाग आज कोणालाही जमण्यासारखा आहे, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही.

पुस्तकांची यादी पाहण्यासाठी तेथे एक छोटा प्रोग्राम आहे. फार पूर्वी एका सभासदाच्या अभियंता मुलाने तो पायथनमध्ये लिहून दिला. माहिती एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या एकाच फायलीत राहते आणि पडदा ब्राउझरमध्ये उघडतो. फाइल उचलून नव्या यंत्रावर ठेवली, प्रोग्राम पहिल्याच झटक्यात चालू झाला, आणि मी समाधानाने घरी गेलो. दुसऱ्या दिवशी ग्रंथपालबाईंचा फोन आला.

“अहो, तुमचं ते लिनक्स आल्यापासून वऱ्हाडातली पुस्तकं गेली कुठे? कपाटात माझ्या डोळ्यांसमोर ओळीने उभी आहेत आणि यादी म्हणते दोनच. आणि ‘ॲ’च्या डोक्यावर ही ठिपक्यांची वर्तुळं कसली आली आहेत?”

जाऊन पाहिले तर तक्रार शब्दशः खरी होती. ‘वऱ्हाड’ शोधले की मोजकी पुस्तके येत, ‘विदर्भ’ शोधले की सगळी येत. ‘दऱ्या’ शोधले की गिर्यारोहणाच्या पुस्तकांपैकी काही येत, काही येत नसत. ‘ॲ’ने सुरू होणाऱ्या काही शीर्षकांत ‘अ’ सुटा पडून चंद्र एका ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेला दिसे, तर त्याच यादीतील दुसऱ्या शीर्षकात तेच अक्षर सुबक दिसे. कार्यकारिणीतील एका सद्‌गृहस्थांनी तेवढ्यात निकाल देऊन टाकला की फुकटच्या वस्तूत मराठी नीट चालत नाही, हे त्यांना आधीपासून माहीत होते. हे वाक्य मी इतक्या ठिकाणी ऐकले आहे की आता त्यावर वादसुद्धा घालत नाही.

मुंबई-ठाण्याकडच्या लिनक्स वापरणाऱ्यांचा आमचा एक गट आहे, त्यात बंगळुरूची दोन-चार मंडळीही आहेत. मी तेथे अडचण मांडली. अशा गटांबद्दल एक गोष्ट स्पष्टच सांगितली पाहिजे. पहिली उत्तरे देणाऱ्यांना बहुधा अडचण सोडवायची नसते, त्यांना स्वतःची आवडती डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सची आवृत्ती, तुमच्या यंत्रावर पाहायची असते. त्यामुळे ‘डेबियन काढा, अमुक टाका’ हा सल्ला आला, फॉन्ट बदलण्याचा सल्लाही आला. फॉन्ट बदलून पाहणे सोपे होते, म्हणून लोहित आणि नोटो हे दोन्ही लावून पाहिले. अक्षरांची वळणे बदलली, तक्रार तशीच राहिली. मग कल्याणच्या एका विद्यार्थ्याने सगळ्या गर्दीत एकच नेमके वाक्य लिहिले: पडद्याचे फोटो पाठवू नका, दोन्ही नोंदींमधला तोच शब्द बाइटमध्ये उलगडून पाठवा. वयाने तो माझ्या निम्मा असेल, पण तपासाची शिस्त त्याच्याकडे होती.

मी सापडणाऱ्या एका नोंदीतला आणि न सापडणाऱ्या एका नोंदीतला ‘वऱ्हाड’ हा शब्द वेगवेगळ्या फायलींत काढला आणि दोन्ही हेक्सडंपमधून, म्हणजे फायलीतले बाइट उघडे करून दाखवणाऱ्या साधनातून, पाहिले. पडद्यावर तंतोतंत सारखा दिसणारा तो शब्द एका फायलीत १८ बाइटचा होता आणि दुसरीत २१ बाइटचा. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत तीन बाइट घेते, म्हणजे एका शब्दात सहा चिन्हे होती आणि दुसऱ्यात सात. पहिल्यात ‘व’नंतर ‘ई० ए४ बी१’ होते, दुसऱ्यात त्याच जागी ‘ई० ए४ बी०’. बी० म्हणजे साधा ‘र’, बी१ म्हणजे खाली नुक्ता असलेला ‘ऱ’. पुढे दोन्हीकडे विराम, म्हणजे अक्षराचा पाय मोडण्याचे चिन्ह, होता, आणि दुसऱ्या शब्दात विरामानंतर ‘ई२ ८० ८डी’ असे तीन बाइट जास्तीचे होते. तो होता ‘झिरो विड्थ जॉइनर’, म्हणजे रुंदी नसलेले, डोळ्यांना कधीच न दिसणारे जोडचिन्ह.

हे गटात टाकल्यावर भांडुपला राहणाऱ्या एका मल्याळी सद्‌गृहस्थांनी लगेच फोन केला. “भाऊ, हे तर आमच्या चिल्लूचंच दुखणं आहे,” हे त्यांचे पहिले वाक्य होते. मल्याळममध्ये चिल्लू नावाची स्वराशिवाय उच्चारली जाणारी व्यंजने आहेत. ती पूर्वी व्यंजन, विराम आणि हेच अदृश्य जोडचिन्ह अशा क्रमाने साठवली जात. २००८ मध्ये यूनिकोड या सर्व लिप्यांच्या मानकाच्या ५.१ आवृत्तीने त्यांना स्वतंत्र संकेतांक, म्हणजे साठवणीचे क्रमांक, दिले, आणि तेव्हापासून तोच शब्द दोन तऱ्हांनी साठवलेला सापडू लागला. आपल्या ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’मधला तो आडवा अर्धा र याच वाटेने गेला आहे. १९९१च्या इस्की या भारतीय लिप्यांच्या मानकाला अनुसरून यूनिकोड तो ‘ऱ’ आणि विराम यांतून घडवतो, पण यूनिकोडच्या २.० आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून ‘र’, विराम आणि जोडचिन्ह हा क्रमही त्याच आकाराने दाखवला जातो. आकार एक, साठवण दोन, आणि एसक्यूलाइटला आकाराशी काही देणेघेणे नाही. तो फक्त संकेतांक ताडून पाहतो.

मग सारा इतिहास उलगडला. ग्रंथालयाच्या जुन्या नोंदी एका कंत्राटदाराने नोंदीमागे पैसे घेऊन युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकल्या होत्या आणि नंतर परिवर्तकातून एकगठ्ठा यूनिकोडमध्ये आणल्या होत्या. त्या परिवर्तकाने सगळीकडे जोडचिन्हाचा क्रम घातला. जुन्या विंडोजवरची टंकनाची सोयही तोच क्रम देत असे, त्यामुळे शोध जुळत राहिला. लिनक्सवर सहायक मुलगी इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलकाने टंकू लागली. त्यात इंग्रजी ‘जे’च्या कळीवर र आणि शिफ्टसह ऱ आहे, आणि ‘डी’वर विराम, म्हणजे ती मानकाप्रमाणे बरोबर लिहीत होती आणि म्हणूनच तिला जुनी पुस्तके सापडत नव्हती. गंमत अशी, की मधल्या काळात स्वयंसेवकांनी केलेल्या काही नोंदी पूर्वी कधीच सापडत नव्हत्या, त्या आता सापडू लागल्या होत्या. पण सापडण्याची तक्रार करायला कोणी फोन करत नाही.

गटातील एका बंगळुरूच्या प्रोग्रामरने यावर एका ओळीचा उपाय दिला: सगळ्या फायलीतून जोडचिन्ह पुसून टाका. त्यांना मराठी येत नाही, यात त्यांचा दोष नाही. पण तो उपाय चालवला असता तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला असता आणि गिर्यारोहणाची पुस्तके समुद्रात गेली असती. पाककलेच्या विभागात ‘आचाऱ्यांसाठी’ असलेली पुस्तके ‘आचार्यांसाठी’ झाली असती, ते वेगळेच. शिवाय जोडचिन्ह इतरत्रही जोडाक्षर सुटे दाखवण्यासाठी मुद्दाम वापरलेले असते. त्यामुळे फक्त ‘र, विराम, जोडचिन्ह’ हा पूर्ण क्रम जेथे असेल तेथेच ‘ऱ, विराम’ घालायचा, एवढीच शस्त्रक्रिया सुरक्षित होती. यूनिकोडचे ठरावीक प्रमाणीकरण येथे उपयोगी पडत नाही. ते ‘र’ आणि सुटा नुक्ता यांना एकत्र करून ‘ऱ’ देते, पण जोडचिन्हाच्या क्रमाला हात लावत नाही, कारण त्याच्या लेखी हे दोन वेगळे मजकूर आहेत.

‘ॲ’ची कथा याचीच धाकटी बहीण निघाली. या अक्षराला स्वतंत्र संकेतांकही २००८ च्याच ५.१ आवृत्तीत मिळाला, तोवर लोक ‘अ’वर चंद्राची मात्रा देत. मानक आता ती जोडी वापरू नका असे सांगते आणि लिनक्सवर अक्षरे जुळवणारे हार्फबझ ती जोडी दिसली की मुद्दाम ठिपक्यांचे वर्तुळ मध्ये घालते, म्हणजे चूक लपत नाही. जुन्या यंत्रावरचा जुना ब्राउझर ती निमूटपणे झाकत होता. ज्या गोष्टीचे खापर लिनक्सवर फुटले, ती प्रत्यक्षात त्याने दाखवून दिली होती, हे मी सभेत सांगितले; कार्यकारिणीतील त्या सद्‌गृहस्थांनी मान हलवली, पण पटले असे दिसले नाही. याच जोडीमुळे छापील यादीतही घोळ होता: जोडीने लिहिलेली शीर्षके ‘अ’मध्ये येत आणि स्वतंत्र संकेतांकाची पार शेवटी, ‘ह’ आणि मराठी अंकांच्याही नंतर, कारण क्रम संकेतांकाने लावला जात होता. त्याच कारणाने ‘ळ’ हा ‘ह’नंतर येण्याऐवजी ‘ल’च्या पाठोपाठ येई.

दुरुस्ती करताना आधी फायलीची प्रत बाजूला ठेवली आणि मग एसक्यूलाइटमध्येच बदल चालवला. संकेतांकांत सांगायचे तर २३५२, २३८१, ८२०५ (र, विराम, जोडचिन्ह) हा क्रम दिसेल तेथे २३५३, २३८१ (ऱ, विराम) घालायचा आणि २३०९, २३७३ (अ, चंद्र) दिसेल तेथे २४१८ (ॲ). शोधाच्या चौकटीत टंकलेला शब्दही याच चाळणीतून जाईल अशी सोय केली. क्रमवारीसाठी आयसीयू या यूनिकोडच्या प्रोग्राम-संचातले मराठी नियम लावले. मात्र ‘ॲ’ कोठे ठेवायचा यावर ग्रंथपालबाईंशी बरीच चर्चा झाली. २००९च्या शासननिर्णयातील वर्णमालेत तो ‘ए’ आणि ‘ऐ’ यांच्या मध्ये आहे, पण वाचक तो ‘अ’जवळ शोधतात. “शासन काउंटरवर येऊन पुस्तक मागत नाही,” असे म्हणून बाईंनी तो ‘अ’जवळ ठेवायला लावला.

टंकनाची दुरुस्ती मला स्वतःला अधिक आवडली. आयबस ही लिनक्सवरची टंकनाची सोय, आणि तिच्यामागे काम करणाऱ्या एम१७एन या प्रोग्रामच्या कळफलक-फायली साध्या मजकुराच्या असतात: कंसात डावीकडे अवतरणात कळी, उजवीकडे अवतरणात अक्षर. मराठी इनस्क्रिप्टची फाइल मी त्या मुलीच्या खात्यातील लपलेल्या एम१७एन फोल्डरमध्ये उतरवली, मूळ फाइल तशीच ठेवली, आणि एक ओळ वाढवली: शिफ्ट-डी आणि त्यापाठोपाठ शिफ्ट-दोन आले, म्हणजे ‘अ’ आणि चंद्र, की ‘ॲ’ हे एकच अक्षर दे. तिच्या बोटांची सवय बदलली नाही आणि चुकीची जोडी फायलीत जाणे थांबले. तिने टंकून पाहिले, “अरे, वर्तुळ गेलं,” एवढेच म्हणाली आणि पुढच्या नोंदीकडे वळली. जाताजाता एक आणखी दुरुस्ती झाली. प्रोग्रामच्या पानावर भाषा ‘हिंदी’ अशी नोंदवलेली होती. ती ‘मराठी’ करताच नोटो फॉन्टने ‘ल’ पाकळीयुक्त आणि ‘श’ देठयुक्त दाखवायला सुरुवात केली, जो आकार १० नोव्हेंबर २०२२ च्या शासननिर्णयात दिला आहे.

जे सुटलेले नाही, त्यासाठी हे लिहीत आहे. कंत्राटदाराच्या माणसांना आडवा र टंकता येत नसे तेव्हा त्यांनी सरळ ‘र्य’ आणि ‘र्ह’ टंकले. ‘र्ह’ असलेल्या नोंदी तुलनेने सोप्या आहेत, ‘वर्हाड’ असा शब्द कोणी मुद्दाम लिहीत नाही. पण ‘दर्या’ हा शब्द समुद्राच्या पुस्तकातही असतो आणि चुकून दरीच्या पुस्तकातही, आणि कोणताही प्रोग्राम त्यातला फरक ओळखू शकत नाही. मी ‘र्य’ असलेल्या सर्व नोंदींची यादी छापून दिली, आणि बाईंनी बऱ्याचशा कपाटाकडे न जाताच, नुसत्या लेखकाच्या नावावरून निकाली काढल्या. उरलेल्यांसाठी पुस्तक काढून मुखपृष्ठ पाहावे लागते, आणि त्यांतली काही सभासदांकडे आहेत.

भांडुपच्या सद्‌गृहस्थांशी माझा वाद अजून चालू आहे. त्यांचे म्हणणे असे, की मूळ नोंदीला हात न लावता फक्त शोधासाठी एक वेगळा, प्रमाणित केलेला रकाना ठेवायला हवा होता, कारण आज योग्य ठरलेला क्रम उद्याही तसाच राहील याची खात्री नाही, हे त्यांनी मल्याळममध्ये पाहिले आहे. माझे म्हणणे असे, की रकाना दोनदा ठेवला तर दोन वर्षांनी येणारा माणूस चुकीचा रकाना उचलणार. आता शेजारच्या एका ग्रंथालयाला आमची यादी हवी आहे, आणि त्यांच्या प्रोग्राममध्ये अजून जोडचिन्हाचाच क्रम चालतो. त्यांना कोणती प्रत द्यायची, ते येत्या आठवड्यात ठरवायचे आहे.