तुम्ही विचारलंत म्हणून : सुचलेली कथा अडते कुठे?

“कथा सुचते, दोन-तीन पाने लिहूनही होतात, पण पुढे ती सरकत नाही, अशा वेळी काय करायचे?” हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की, त्याचे उत्तर एकदा सावकाश लिहून काढावे असे वाटले. मी शिस्तीबद्दल आणि चिकाटीबद्दल बोलेन अशी विचारणाऱ्याची अपेक्षा असते, आणि त्याबद्दलही मी थोडे सांगणार आहे. पण माझ्या अनुभवात बहुतेक कथा आळसामुळे अडत नाहीत. आपल्याला सुचलेले असते ते एखादे चित्र, आणि त्या चित्राची कथा अजून व्हायची आहे हे आपल्या ध्यानात येईपर्यंत तीन पाने भरलेली असतात.

माझीच एक रखडलेली कथा सांगते. बंद घराच्या दारात किल्ली घेऊन उभी असलेली एक प्रौढ बाई मला सुचली होती. दारावरची धूळ, कुलपावरचा गंज, तिच्या हाताचा कंप हे सारे मी इतक्या निगुतीने लिहिले होते की, ते पान वाचून माझे मलाच कौतुक वाटे. मात्र दार उघडून ती आत गेली की तिला तिथे काही कामच उरत नसे. मग मी तिच्या मनात आठवणी भरल्या, खिडकीबाहेर पाऊस पाडला, एक मांजरसुद्धा आणून बसवले. अशी तीन वर्षे गेली. शेवटी वैतागून मी स्वतःला एवढेच विचारले की, या बाईला या घटकेला नेमके काय हवे आहे. उत्तर मिळाले ते फारसे उदात्त नव्हते : तिला घर विकायचे होते, पण तो विषय धाकट्या भावाने काढावा, म्हणजे बोल त्याला लागेल, अशी तिची इच्छा होती.

हे कळल्याबरोबर भाऊ कथेत आला आणि दोघे बोलू लागली. गंमत अशी की, त्या बोलण्यात घर विकण्याचा उल्लेखच येईना. ती छपराच्या गळतीबद्दल बोलत राहिली आणि तो ताईच्या गुडघ्यांबद्दल. माणसे पुष्कळदा मनातले टाळण्यासाठीच बोलत असतात, ही गोष्ट मला कोणी नुसती सांगितली असती तर इतकी पटली नसती. धुळीचे आणि थरथरत्या हाताचे वर्णन आपोआप गळाले. कुलूप तेवढे राहिले. पण ते आता कोरे करकरीत होते, कारण भावाने तिला न सांगता ते बदलले होते आणि तिच्या हातातली किल्ली त्याला लागत नव्हती. तपशील सुंदर आहे की नाही, यापेक्षा तो कथेत काही काम करतो का, हे मी तेव्हापासून पाहू लागले.

दुसरी अडचण आपण स्वतःच ओढवून घेतो, ती म्हणजे पहिले पान घासत बसण्याची. कथा शेवटाला पोचेपर्यंत मागे वळून दुरुस्ती करू नये, असे माझे ठाम मत आहे. एखादा प्रसंग जमत नसेल, तर मी कंसात ‘इथे भांडण’ एवढेच लिहून पुढे जाते. अर्नेस्ट हेमिंग्वे यांनी आपल्या एका कादंबरीचा शेवट ३९ वेळा लिहिल्याचे १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत सांगितले होते, आणि २०१२ साली त्या कादंबरीच्या नव्या आवृत्तीत असे ४७ पर्यायी शेवट छापले गेले. पहिलेच पान घासणाऱ्यांना हा दाखला फार प्रिय असतो. परंतु शेवट पुन्हा लिहायचा तर आधी तिथवर पोचावे लागते, हे त्यात सोयीस्करपणे विसरले जाते.

आता शिस्तीविषयी. टपाल खात्यात नोकरी करणारे इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलॉप पहाटे साडेपाचला मेजाशी बसत आणि समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला २५० शब्द लिहीत. त्यांच्या निधनानंतर, १८८३ साली आलेल्या आत्मचरित्रात हा हिशेब त्यांनी मोकळेपणाने मांडला आहे. माझ्याच्याने असे होत नाही. मी अर्धा तास लिहिते आणि पुढचे वाक्य ठाऊक असतानाच थांबते, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदासमोर बसावे लागत नाही. प्रेरणेची वाट पाहण्याबद्दल मला याहून अधिक काही म्हणायचे नाही. पाठवलेली कथा ‘साभार परत’ आली, तर तो दिवस वाईट जातो, त्याला माझ्याकडे उपाय नाही.

कथा पुरी झाल्यावर ती कोणाला तरी वाचायला द्यावी, पण ‘कशी वाटली?’ असे विचारू नये, कारण आपल्यावर माया असलेली माणसे ‘छान’ म्हणतात आणि त्याचा काहीएक उपयोग होत नाही. मी वाचणाऱ्याच्या हाती पेन्सिल देते आणि जिथे कंटाळा येईल तिथे नुसती रेघ ओढायला सांगते. किल्लीच्या कथेत अशी रेघ तिसऱ्या पानावर निघाली. पाहते तो, ते मांजर अजून तिथेच बसलेले होते.