बंद बंकरवरचा सोर्स

कारखान्याचं नाव लिहीत नाही. खानदेशातला आहे, स्वतःचं छोटं वीजघर असलेला. त्यात दोन बॉयलर, एक चालू आणि एक काही वर्षांपासून बंद. तिथल्या न्यूक्लिऑनिक गेजच्या तपासणीचं काम यंदा पहिल्यांदाच माझ्याकडे आलं.

कोळशाच्या बंकरमध्ये, म्हणजे बॉयलरला कोळसा पुरवणाऱ्या उंच कोठीत, माल कुठवर उतरलाय हे डोकावून कळत नाही. आत नुसती धूळ आणि अंधार. म्हणून एका भिंतीवर सीझियम-१३७ या किरणोत्सारी पदार्थाचा सोर्स आणि समोरच्या भिंतीवर किरण मोजणारा डिटेक्टर बसवतात. हाच तो न्यूक्लिऑनिक गेज. मधे कोळसा असला की किरण अडतात, कोळसा उतरला की पोहोचतात. सोर्स शिशाने भरलेल्या लोखंडी डब्यात असतो, त्याला आम्ही होल्डर म्हणतो. डब्याला बाहेरून एक लिव्हर असतो, त्याने शटर उघडायचं किंवा बंद करायचं. सोर्सला वीज लागत नाही, त्यामुळे बॉयलर विझला, मीटर काढून नेलं, कामगारांचा हिशेब झाला तरी त्याचं काम चालूच राहतं.

चालू बॉयलरवरच्या दोन्ही गेजची तपासणी सकाळीच उरकली. शटर नीट फिरत होती, कुलपं जागेवर, डब्यांभोवतीचं रीडिंग मर्यादेत. पण रजिस्टरात तिसरी नोंद होती आणि तिच्यापुढे 'वापरात नाही' एवढंच लिहिलेलं. मी तो गेज दाखवा म्हटल्यावर सोबतचे अधिकारी म्हणाले, "अहो, तो बॉयलर बंद आहे. भंगारात विकला. तिकडे काय बघणार?"

भंगारात विकला हे ऐकलं आणि मी जिन्याकडे वळलो.

मे महिन्याची दुपार होती, रेलिंगला हात लागत नव्हता. खाली सर्व्हे मीटर ताशी ०.१ मायक्रोसीव्हर्ट दाखवत होतं (सीव्हर्ट हे अंगावर येणारा किरणांचा मारा मोजायचं माप), म्हणजे कुठेही असतं तेवढंच. बंकरच्या मजल्यावर पोहोचेपर्यंत आकडा हलला नाही. कोपरा वळलो तसा तो चढायला लागला: २, ९, ३०. साठाच्या आसपास गेल्यावर मी मागे सरलो. समोर बंकरची भिंतच नव्हती. माणूस सहज आत शिरेल एवढा चौकोन गॅसकटरने कापून काढला होता, कडा अजून काळ्या होत्या. डिटेक्टर त्याच भिंतीवर होता, तो खाली भंगाराच्या ढिगात पडलेला. आणि चौकोनातून पलीकडच्या भिंतीवरचा होल्डर सरळ दिसत होता. त्याचा लिव्हर उघड्या बाजूला होता.

बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही ते हे. बॉयलर चालू असताना बंकरमधला कोळसाच बराचसा मारा झेलतो, वर पलीकडची जाड पोलादी भिंत असते. बंद पडल्यावर बंकर रिकामा झाला, नंतर भिंतही गेली. उत्पादनाच्या हिशेबाने मेलेली जागा आमच्या हिशेबाने आधीपेक्षा जास्त उघडी पडली होती. बॉयलर थांबवला त्या दिवशी कोणीतरी लिव्हर पाव वळसा फिरवून कुलूप लावायचं होतं. एवढं पाच मिनिटांचं काम, आणि ते कोणाच्याच यादीत नव्हतं.

काम थांबवून दोरी बांधली आणि माणसं खाली उतरवली. मग होल्डरच्या मागच्या बाजूने गेलो. तिथे शिशाची आड असते, रीडिंग अगदी थोडं. पिवळी पाटी उन्हाने पांढुरकी पडली होती, किरणोत्साराच्या त्रिदल चिन्हाची एकच पाकळी ओळखू येत होती. लिव्हर गंजाने धरलेला. अशा वेळी हातोडी मारायची नसते, दांडा तुटला तर शटर कायमचं उघडं राहतं. गंज सोडवणारं तेल सोडलं, थांबलो, पुन्हा सोडलं. लांब पान्याने एकाच दिशेने न ओढता पुढे-मागे खेळवत राहिलो, तेव्हा कुठे तो करकरत फिरला. दोरीपाशी उभ्या मदतनिसाने मीटर बघून ओरडून सांगितलं, "उतरलं साहेब!" कुलूप घातलं. डब्याच्या सांध्यांवरून वाइप, म्हणजे पुसून घ्यायचा बोळा, फिरवून तोही मोजला. गळती नव्हती. हे काम नीट झालं याचं मला आजही समाधान आहे.

त्यानंतर ठेकेदार सहज बोलून गेला की होल्डर उद्या कापायचा होता. आत शिसं आहे हे त्याला ठाऊक होतं, शिशाला लोखंडापेक्षा भाव जास्त मिळतो. १९९५ साली बसवलेला १०० मिलीक्युरीचा सोर्स (क्युरी हे सोर्सच्या ताकदीचं माप). सीझियमचं अर्धायुष्य ३० वर्षांचं, म्हणजे अजून निम्मा शिल्लक. दीड मीटरवर त्याचा मारा ताशी साठेक मायक्रोसीव्हर्ट. सीझियमची तीच कॅप्सूल डब्याबाहेर काढून कोणी खिशात टाकली, तर सेंटिमीटरभर अंतरावर ताशी दीड सीव्हर्टच्या वर जाते, म्हणजे पंचवीस हजार पट. काही तासांत कातडी भाजते. भंगाराबरोबर जालन्याच्या एखाद्या भट्टीत गेली असती तर सीझियमची वाफ होऊन सगळं भट्टीच्या धुळीत उतरलं असतं. २०१० साली दिल्लीच्या मायापुरीत भंगारात आलेल्या किरणोत्सारी कोबाल्टने एका माणसाचा जीव घेतला. ते उपकरणही वापरातून काढलेलंच होतं.

माझं काम सांगितलं की आपल्याकडचे लोक लगेच गुजरातमधल्या काकरापार अणुवीज केंद्राचं विचारतात. तापीवरच आहे ना, आपल्या खालच्या अंगाला, तिथे काही झालं तर? प्रश्न रास्त आहे. पण तिथे रात्रंदिवस लक्ष ठेवणारी माणसं आहेत. राजस्थानातल्या रावतभाटा अणुवीज केंद्राचं पहिलं युनिट २००४ पासून बंद आहे, इंधन काढून घेतलेलं आहे, तरी त्याची राखण सुटलेली नाही. रिअ‍ॅक्टरवाल्यांना बंद यंत्राचं भय कळतं. फुकुशिमाचं चौथं युनिट भूकंपाच्या वेळी बंदच होतं, आणि त्याच्या वापरलेलं इंधन थंड ठेवायच्या तळ्याने साऱ्या जगाला घोर लावला होता. रिअ‍ॅक्टरवर देखरेख ठेवणाऱ्या एईआरबीचाच, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाचाच, माझ्या डब्यालाही परवाना. पण रिअ‍ॅक्टर कोणी भंगाराच्या यादीत 'किरकोळ लोखंड' म्हणून लिहीत नाही. हा डबा तसा लिहिला गेला होता. लिलावाच्या कागदांवर खरेदी, लेखा, सुरक्षा, सगळ्यांच्या सह्या होत्या. हेल्मेट नसलं की दंड लावणाऱ्या सुरक्षा विभागाने सहीआधी एकदाही वर चढून बघू नये, याचा मला अजून राग येतो.

कापणारी तीन पोरं होती, जवळच्याच गावची. त्यातल्या सगळ्यात लहानाने मला जिन्याखाली गाठलं. "भाऊ, माले काही व्हई का?" आणि थोड्या वेळाने, "मना पोऱ्या तीन महिनाना शे."

मी त्याच्याशेजारी बसून विचारत गेलो. चौकोन कापायला किती वेळ लागला, तोंड कुठे होतं, जेवायला कुठे बसलात. तो आठवून सांगे, दुसरा ते खोडून काढी. एक म्हणे दोन तास, दुसरा म्हणे अख्खा दिवस. झोत अरुंद असतो, हातभर बाजूला उभा असला तरी हिशेब बदलतो. वाईटात वाईट धरलं, आठ तास थेट झोतात, तरी अर्ध्या मिलिसीव्हर्टच्या आत येत होतं. सामान्य माणसासाठी वर्षाची मर्यादा एक मिलिसीव्हर्ट, म्हणजे हजार मायक्रोसीव्हर्ट. म्हणून सांगितलं, घाबरू नकोस, तुला काही होणार नाही, आणि हे अंगाला लागून घरी जात नाही, बाळाला खुशाल घे. त्याने मान हलवली. पण हा आकडा त्याच्याच आठवणीवर उभा आहे हे आम्हा दोघांनाही कळत होतं. माझ्या छातीवर किरणांची नोंद ठेवणारा टीएलडी बॅज होता, माझा डोस मोजून मिळतो. त्याचा डोस मी अंदाजाने सांगत होतो.

संध्याकाळी ऑफिसात चहा देऊन मला सुचवलं गेलं की अहवालात पोरांची नावं कशाला, ती ठेकेदाराची माणसं. मी तिघांची नावं, गावं आणि हिशेबाचं प्रत्येक गृहीतक लिहिलं. एक प्रत त्या पोराला दिली. उद्या त्याला कोणी विचारलं तर दाखवायला हातात काहीतरी असावं.

होल्डर काढून स्टोअरमधल्या कुलूपबंद खोलीत ठेवला आहे. तो अधिकृत विल्हेवाटीला पाठवायचा तर परवानगी, ठरलेलं पॅकिंग, वाहतूक असा खर्च येतो आणि त्याचं बजेट कोणत्या विभागाचं यावर अजून फाइल फिरतेय. किल्ली ज्यांच्याकडे आहे ते स्टोअरकीपर लवकरच निवृत्त होणार आहेत. त्यांच्यानंतर ती कोणाच्या हातात जाणार, हे मी लेखी विचारलं आहे. उत्तर आलेलं नाही.