फेस

दुपारी डबा उघडताना पत्र्याने बोट कापलं. कपाटात मागे कुठेतरी हायड्रोजन पेरॉक्साइडची तपकिरी बाटली सापडली. हल्ली जखमेवर ते घालू नका म्हणतात. जखम भरून आणणाऱ्या पेशींनाही त्याने इजा होते. हे ठाऊक असूनही मोह आवरला नाही. थेंब टाकला, आणि रक्तावर पांढरा फेस फसफसून आला.

बाटलीतही हेच चाललं होतं, फक्त चोरपावलांनी. पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन व्हायचंच असतं. उजेडात ते लवकर होतं, म्हणून तर काच तपकिरी. महिनोन्‌महिने रेंगाळलेलं ते काम रक्तातल्या कॅटालेज नावाच्या विकराने, म्हणजे एन्झाइमने, क्षणात उरकलं. याचा एकेक रेणू सेकंदाला पेरॉक्साइडचे लाखो रेणू फोडतो. एवढी कसली घाई असते कोण जाणे.

शाळेत हाच फेस परीक्षानळीत पाहिला होता. सरांनी मँगनीज डायऑक्साइडची चिमूटभर काळी पूड टाकली, नळीच्या तोंडाशी धुमसती काडी धरली आणि ती भपकन पेटली. पुन्हा विझवली, पुन्हा पेटली. आम्हाला तेवढंच हवं होतं. सरांना मात्र पुढचं दाखवायचं होतं. त्यांनी पूड गाळली, वाळवली, तोलली. जितकी घातली तितकीच! मग व्याख्या पाठ झाली : अभिक्रियेत स्वतः भाग न घेता तिचा वेग वाढवतो तो उत्प्रेरक.

या ‘भाग न घेता’वर माझा जुना राग आहे. सगळं घर आवरून, हात पुसून बसलेल्या माणसाला ‘तुम्ही काहीच केलं नाहीत’ म्हणण्यासारखं आहे ते. कॅटालेजच्या पोटात लोहाचा अणू असतो. पेरॉक्साइडचा पहिला रेणू आपला एक ऑक्सिजन त्याच्या गळ्यात घालतो आणि पाणी होऊन निघून जातो. दुसरा रेणू येईल तेव्हा कुठे लोह मोकळं होतं. याला भाग न घेणं म्हणायचं? गाडीच्या धुराड्यात धूर स्वच्छ करणारं प्लॅटिनमही उत्प्रेरकच; त्याला तर शिसं असलेलं पेट्रोल पाजलं की ते कामातूनच जातं.

डीएनए-आरएनएच्या घडणीतली एक पायरी अशी आहे, की ती विकराविना सोडली तर निम्मं काम व्हायलाच 7 कोटी 80 लाख वर्षं लागतील. विकर ती सेकंदाच्या काही शतांशांत ओलांडतं. आपण आहोत ते या घाईमुळे. पण शेवटी काय उरेल, किती उरेल, हे विकर ठरवत नाही. ते फक्त अभिक्रियेच्या वाटेतला चढ कमी करतं, आणि तोही जाताना-येताना, दोन्ही बाजूंनी.

1897 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ एडुआर्ड बुखनर यांनी यीस्टच्या पेशी वाळूत घोटल्या, रस पिळून काढला आणि तो टिकावा म्हणून त्यात साखर घातली. टिकायचं सोडून तो आंबायलाच लागला. जिवंत पेशी औषधालाही नव्हती; काम करत होती ती रसातली विकरं. 1907 साली त्यांना नोबेल मिळालं.

म्हणजे पेशी जिवंत आहे की नाही, याच्याशी विकराला देणंघेणं नाही. श्वास थांबला तरी ती लगेच थांबत नाहीत. पेशीतल्या त्यांच्या पिशव्या फुटतात, आणि आतला टाकाऊ माल मोडण्यात जन्म घालवलेली तीच विकरं आता त्या पेशीलाच मोडायला घेतात.