काजूचं जंगल

आम्ही उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे करतो. मार्चमध्ये हातात कोल्हापूर जिल्ह्याच्या शाश्वततेचा तक्ता होता. त्यातले दोन रकाने महत्त्वाचे: शहर किती पसरलं आणि जंगल किती तुटलं. दोन्हीकडे आकडे भलतेच गोजिरे येत होते. आजऱ्याकडच्या एका उतारावर तर संगणक ‘दाट झाडी, बदल नाही’ म्हणत होता. खात्री करायला मी आणि ऑफिसातला नवा पोरगा गाडी काढून निघालो.

मोबाइलनं दाखवलेल्या जागी पोचलो, तर समोर काजू. सरळ ओळी, खाली जमीन साफ. मधेमधे ऐन-किंजळीचे करवतीनं सपाट कापलेले, वाळवी लागलेले बुंधे.

बांधावरून एक म्हातारबा आले. “मोजणी हाय व्हय?”

“नाही मामा, जंगल बघायला आलोय.”

“मग लई उशीर केलासा की! मालकीचं रान हुतं. एका हंगामात भुईसपाट. जळणाचं ट्रक भरून गेलं. आता काजूचं पैसं येत्यात, पर ह्या ओढ्याचं पाणी होळीपतुर बी टिकंना झालंय.”

काजू लावणाऱ्याला नावं ठेवायला माझी जीभ वळत नाही. मालकीच्या रानातून घरात येतं तरी काय? खोट आमच्या मोजपट्टीत होती. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर झाडांची सावली दहा टक्क्यांवर असली की ते वनाच्छादन. झाड कुठलं, जमीन कुणाची, याला महत्त्व नाही. म्हणजे रान तोडून लावलेली बागही जंगलातच जमा. त्यात काजू सदाहरित. मार्चात आसपासचं पानगळीचं रान उघडं पडतं, तेव्हा चित्रात काजूच जास्त हिरवागार दिसतो! तोड दिसते ती फक्त काजू वाढेपर्यंतच्या मधल्या दोन-तीन तपकिरी वर्षांत. आम्ही पहिलं आणि शेवटचं चित्र ताडून मोकळे झालो होतो.

परतताना कागलच्या पुढं पोरगा म्हणाला, “सर, गोकुळ शिरगाव, उजळाईवाडी, उचगाव... शहर सुरू कुठं झालं हेच कळंना.” शहराच्या रकान्याची गोम तीच. महापालिका १९७२ची, हद्द तेव्हापासून तीच, जेमतेम ६७ चौरस किलोमीटर. तेवढ्यातच मोजलं तर कोल्हापूर फारसं पसरलेलं नाही. पसरलंय ते पाचगाव, मोरेवाडी, कळंब्याकडे, ग्रामपंचायतींच्या हद्दीत. शहराचा पसारा मोजायचं संयुक्त राष्ट्रांचं सूत्र जमीन व्यापण्याचा वेग लोकसंख्यावाढीच्या वेगाशी ताडतं. त्यासाठी हाताशी जनगणना २०११ची.

दुसऱ्या दिवशी तक्ता मोडला. शहराच्या हिशेबात कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणातली, म्हणजे शहराभोवतालची, ४२ गावं घेतली. जंगलासाठी दरवर्षीचं फेब्रुवारी-मार्चचं चित्र ओळीनं लावायला घेतलं. पावसाळ्यातली ढगांमुळं कामाचीच नाहीत. ‘मालकी रान तोडून लागवड’ असा वेगळा रकाना उघडला. काम देणाऱ्यांचा लगेच फोन आला, “हा रकाना आमच्या नमुन्यात नाही.” म्हटलं, उतारावर आहे.