नोट्स कुठे ठेवायच्या आणि सिंक कशा करायच्या: माझा अनुभव

मी सातबारा, फेरफार, खरेदीखत, वाटणीपत्र असल्या कागदांचं इंग्रजी करून देते. या कामात डिक्शनरी फार पुढे नेत नाही, आपण स्वतः जमवलेल्या नोट्सच कामाला येतात. पोटखराबा (गटातली लागवडीला अयोग्य जमीन) वर्ग अ आणि वर्ग ब साठी कुठल्या फाईलमध्ये काय शब्द वापरला होता, कुठल्या वकिलांना काय चाललं, काय चाललं नाही, हे सगळं त्यात असतं. घरी डेस्कटॉप लिनक्स मिंटवर, बाहेर न्यायचा लॅपटॉप विंडोजवाला, आणि फोन अँड्रॉइड. नोट्स मात्र थोड्या एका क्लाऊड ॲपमध्ये, थोड्या वर्डमध्ये, थोड्या स्वतःलाच पाठवलेल्या व्हॉट्सॲपवर. क्लाऊड ॲपचं असं की नेट नसलं की जुन्या नोट्स उघडायच्याच नाहीत, आणि तालुक्याच्या ठिकाणी कचेरीत बसलं की नेटचा भरवसा नसतो.

म्हणून शोधायला बसले तेव्हा दोनच गोष्टी पक्क्या होत्या. नोट माझ्या डिस्कवर पाहिजे, नेट असो नसो. आणि लोकांच्या जमिनीचे कागद आहेत, त्यातली नावं गट नंबर नोट्समध्ये येतातच, तर ते दुसऱ्या कोणाच्या सर्व्हरवर नकोत. बाकी रंग, टेम्प्लेट, कॅलेंडर हे काहीही नसलं तरी माझं अडत नव्हतं.

आधी जॉप्लिन हे नोट्सचं ॲप वापरून बघितलं. चांगलं आहे हो, ओपन सोर्स, फुकट, एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आहे (म्हणजे मधल्या कोणाला वाचता येत नाही), नेक्स्टक्लाऊड ड्रॉपबॉक्स वनड्राइव्ह कशावरही सिंक होतं, म्हणजे सगळ्या मशीनवर नोट्स सारख्या राहतात, ज्याला एकाच ॲपमध्ये सगळं हवंय त्याला मी आजही तेच सांगेन. पण ते नोट्स स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतं, आणि सिंकच्या फोल्डरमध्ये बघायला गेलं तर प्रत्येक फाईलचं नाव म्हणजे ३२ अक्षरांचा आयडी. मला फोल्डर उघडल्यावर 'भोगवटादार वर्ग २' अशी फाईल समोर दिसायला हवी होती, म्हणजे उद्या ॲप बंद पडलं तरी साध्या नोटपॅडमध्ये उघडता येईल. ते ऑब्सिडियन या दुसऱ्या नोट्सच्या ॲपमध्ये मिळालं. ऑब्सिडियन स्वतः ओपन सोर्स नाहीये, पण नोट्स म्हणजे फोल्डरमधल्या साध्या मार्कडाउन फाईली (थोड्या खुणा घातलेलं साधं टेक्स्ट), त्यामुळे मला ते चालतं.

मग जुन्या नोट्स बाहेर काढायच्या. क्लाऊड ॲपने एक्स्पोर्टमध्ये एचटीएमएल दिलं, ते पॅन्डॉक नावाच्या फुकट प्रोग्रामने मार्कडाउन करून घेतलं, आणि नोटचं शीर्षक तेच फाईलचं नाव होईल अशी एक छोटी स्क्रिप्ट लावली. इथे मराठीवाल्यांनी एक लक्षात ठेवा, लिनक्सवर फाईलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं, काना मात्रा वेलांटीसकट. म्हणजे साधारण ८५ चिन्हांत नाव संपतं. माझी काही शीर्षकं अख्खी वाक्यं होती, तिथे स्क्रिप्ट अडली, मग नावं आखूड केली. दुसरं म्हणजे प्रश्नचिन्ह. 'वर्ग ब चा पोटखराबा लागवडीखाली आणला तर?' अशी फाईल लिनक्सवर सुखाने बसते पण विंडोजला नावात प्रश्नचिन्ह, कोलन, तारका (*), दुहेरी अवतरणचिन्ह हे चालतच नाही, त्यामुळे ती लॅपटॉपवर येईचना. अशी सगळी चिन्हं नावातून काढली.

सगळ्यात जास्त वेळ सर्चने खाल्ला, आणि याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून सविस्तर सांगते. 'ॲड.' टाकून वकिलांच्या नोट्स शोधल्या तर अर्ध्याच मिळाल्या. बाकीच्या समोर दिसतायत, त्यात ॲड. लिहिलेलंही दिसतंय, पण सर्चमध्ये येत नाहीत. कारण युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ॲ हे एक स्वतंत्र अक्षर आहे, आणि अ वर चंद्र देऊनही तेच दिसतं, पण कॉम्प्युटरसाठी ती दोन चिन्हं झाली. फोनचा कीबोर्ड एक देतो, लॅपटॉपवरचा दुसरा. तसंच 'शेतकऱ्याचा', 'दुसऱ्या' मधला ऱ्य, तोही दोन पद्धतीने टाइप होतो आणि दिसायला सारखाच, आणि सातबाऱ्याच्या कामात शेतकऱ्याशिवाय पान हलत नाही! फाईली साध्या टेक्स्टच्या असल्याचा फायदा इथे कळला, आधी सगळ्या फोल्डरची कॉपी काढली आणि मग सेड या शोधून बदलणाऱ्या कमांडने सगळीकडे एकच रूप करून टाकलं. आता नवीन नोट्समध्ये परत दुसरं रूप येतंच, म्हणून ती कमांड अधूनमधून चालवते.

सिंकसाठी सिंकथिंग हा प्रोग्राम घेतला. ऑब्सिडियनची स्वतःची पैसे भरून सिंक सेवा आहे आणि ती एन्क्रिप्टेड आहे, पण मला मधे सर्व्हरच नको होता. सिंकथिंगमध्ये प्रत्येक मशीनला एक लांबलचक डिव्हाइस आयडी असतो, दोघांनी एकमेकांचा आयडी मान्य केला की फोल्डर थेट या मशीनवरून त्या मशीनवर जातं. अडचण एकच, दोन्ही मशीन एकाच वेळी चालू पाहिजेत. मी निघते तेव्हा डेस्कटॉप बंद, आणि घरी असले तरी लाईट गेली की तो बंदच. मग फोनलाच मधला पोस्टमन केलं. फोन कायम चालू, रात्री डेस्कटॉपकडून घेतो, सकाळी लॅपटॉपला देतो. सिंकथिंगचं अधिकृत अँड्रॉइड ॲप २०२४ च्या डिसेंबरपासून बंद आहे, त्यामुळे सिंकथिंग-फोर्क (त्याचीच दुसऱ्यांनी पुढे चालवलेली आवृत्ती) घ्यायचं, आणि फोनच्या सेटिंगमध्ये त्याला बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून वगळायचं, नाहीतर स्क्रीन बंद झाली की थोड्या वेळाने तेही झोपतं.

दोन मशीनवर एकच नोट बदलली तर काय, ही भीती मला सुरुवातीपासून होती. ते एकदा झालंच. 'भोगवटादार वर्ग २' या नोटमध्ये डेस्कटॉपवर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम २९ चा संदर्भ टाकला होता, तो फोनपर्यंत पोचायच्या आधीच लॅपटॉपवर त्याच नोटमध्ये एक नमुना वाक्य टाकलं. सिंकथिंगने दोन्ही ठेवलं. नंतरचा बदल मूळ नावाने राहिला, आधीचा शेजारी वेगळ्या फाईलमध्ये, जिच्या नावात सिंक-कॉन्फ्लिक्ट, तारीख, वेळ आणि मशीनच्या आयडीची पहिली ७ अक्षरं. दोन्ही शेजारी उघडून हाताने एक केलं, काही गेलं नाही. ऑब्सिडियनची वर्कस्पेसची फाईल (कुठल्या नोट्स उघड्या आहेत ते लक्षात ठेवणारी) मात्र नुसत्या क्लिकने बदलते आणि तिच्या अशा कॉन्फ्लिक्ट फाईली साठत जातात, म्हणून ती सिंकथिंगच्या इग्नोर लिस्टमध्ये, म्हणजे सिंक न करायच्या फाईलींच्या यादीत, टाकली. ही लिस्ट स्वतः सिंक होत नाही, प्रत्येक मशीनवर वेगळी टाकावी लागते.

आणि कृपा करून सिंकला बॅकअप समजू नका. इथे डिलीट केलं की तिथेही डिलीट होतं. सिंकथिंगमध्ये फाईल व्हर्जनिंग (जुन्या प्रती राखून ठेवणं) चालू करता येतं, पण ते दुसऱ्या मशीनवरून आलेल्या बदलांनाच लागू होतं, त्याच मशीनवर तुम्ही स्वतः काही उडवलंत तर तिथे जुनी प्रत राहत नाही. म्हणून मी ते डेस्कटॉप आणि लॅपटॉप दोन्हीकडे चालू ठेवलंय आणि वर एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर वेगळी कॉपी घेते.

राहिल्यात त्या जुन्या वर्डच्या फाईली, त्या युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये आहेत. कन्व्हर्टरने मजकूर येतो पण जोडाक्षरं आणि रफार बिघडतात, आणि जमिनीच्या कागदात एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर मालकाचं नाव बदलतं. त्या एकदम सगळ्या ओतणार नाही, ज्या गावचं काम येईल त्या गावची फाईल उघडून, मूळ कागदाशी ताडून मगच आत घेते.