डोळे उघडण्याआधी

रविवार, रात्र

आमच्या मनी मांजरीच्या तीन पिल्लांपैकी कबऱ्याचा उजवा डोळा आज किलकिला झाला. नाकाकडच्या कोपऱ्यातून बारीकशी फट पडलीय आणि आत काहीतरी निळसर, धुरकट चमकतंय. डावा अजून घट्ट मिटलेला. बाकीच्या दोघांचा पत्ताच नाही. आठवडा ते दोन आठवडे, कधीही उघडतात, त्यामुळे घाई नाही. चिरंजीवांनी मात्र जिनाभर दवंडी पिटली, "त्याला दिसायला लागलं!"

कुठलं दिसतंय. उजेड-अंधार कळत असेल फार तर. पण गंमत अशी की, इतके दिवस डोळे मिटलेले, कानही दुमडलेले, तरी या तिघांचं काही अडलं नाही. मनी बाहेरून येऊन आडवी झाली की नाकं वर होतात. डोकं डावी-उजवीकडे डुलवत, पोटावर सरपटत बरोब्बर तिच्यापाशी. वास आणि ऊब, एवढ्या दोन गोष्टींवर सगळा कारभार. पहिल्या दोन-चार दिवसांतच आपापलं आचळही ठरून गेलं. कबऱ्याचं मागचं. तिथे काळी चुकून लुचायला गेली तर हा तिच्या डोक्यावरून चढून जातो, आणि मग पुढचे दोन्ही पंजे कणीक तिंबल्यासारखे चालू. नखं अजून आत ओढता येत नाहीत, मनीला टोचत असणारच. ती हूं की चूं करत नाही.

रोज सकाळी स्वयंपाकघरातला वजनकाटा तिकडे जातो. जन्मले तेव्हा शंभर ग्रॅमच्या आतबाहेर होते. दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम वाढले की ठीक, असं डॉक्टर म्हणाले. सगळ्यात लहान पिवळ्याची मला धास्ती होती, पण त्याचाही काटा सरकतोय.

"अगं, बोळ्याने गाईचं दूध घाल त्याला," आईंचं सकाळपासून चाललंय.

"अहो आई, मनीचं पुरतंय. गाईचं पचत नाही त्यांना, हगवण लागते."

"आमच्याकडे सगळी बोळ्यानेच वाढली."

किती वाढली आणि किती गेली, याचा हिशेब कोणी ठेवला होता, हे मी विचारलं नाही. एवढ्याशा जिवाला हगवण लागली तर अंगातलं पाणी जायला वेळ लागत नाही.

मनीची जीभ दिवसभर चालू असते. आधी मला वाटायचं, स्वच्छता. पण पहिले तीन आठवडे पिल्लांना आपणहून शी-शूसुद्धा होत नाही. ती पोट आणि शेपटीखाली चाटते तेव्हाच होते. आणि झालेलं तीच साफ करते, म्हणून खणात वास म्हणून नाही. बोक्याला माग लागू नये, हाही त्यातलाच भाग. तरी गेल्या गुरुवारी तिने कपाटाचा खण सोडून पलंगाखालची ट्रंक गाठली. मानेला धरून एकेक नेलं. पिल्लू पाय पोटाशी घेऊन निमूट लोंबकळत जातं. आई लगेच म्हणाल्या, "सात घरं दाखवल्याशिवाय राहायची नाही." दोन झाली.

डोळ्यांवरून ह्युबेल आणि वीझल हे मेंदूचा अभ्यास करणारे दोन शास्त्रज्ञ आठवले. 1960 च्या दशकात त्यांनी मांजराच्या पिल्लांचा एक डोळा काही आठवडे शिवून ठेवला. नंतर टाके काढले तर डोळा धडधाकट, पण मेंदूला त्यातून येणारं काही वाचता येईना. चौथ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत जे बघायचं शिकायचं, ते राहूनच गेलेलं. 1981 मध्ये त्यांना नोबेल मिळालं, आणि जन्मतः मोतीबिंदू असलेल्या बाळांचं ऑपरेशन लवकर का करायचं, तेही त्यातून पक्कं झालं. उपयोग मोठा, मान्य. पण कबऱ्याची ती फट जवळून पाहिल्यावर टाक्यांचा विचार करवत नाही.

आता पुढे धांदल आहे. तिसऱ्या आठवड्यात दुधाचे दात दिसतील, लटपटत चालणं सुरू होईल, मातीचा ट्रे ठेवावा लागेल. सातव्या आठवड्यापर्यंत माणसांचा हात लागला तर माणसाळतात, तेव्हा चिरंजीवांना रोज थोडा वेळ मांडीवर घ्यायची मुभा. मनीच्या ऑपरेशनचंही विचारून ठेवायचंय. अंगावर पाजत असतानाही मांजर पुन्हा गाभण राहू शकते.

खालच्या काकू संध्याकाळी एक पिल्लू मागून गेल्या. आठ आठवडे तरी आईजवळ राहू दे म्हटलं. "राहू दे की," त्या म्हणाल्या, "तोवर बोका की भाटी तेही कळेल. मला भाटी नको."