तीच धून, पण तीच नाही

मी सबटायटल्स करते. घरी बसून, मिनिटाच्या रेटवर. लोकांना वाटतं इंग्लिश ऐकायचं आणि मराठी टाइप करायचं, झालं. प्रत्यक्षात निम्मा वेळ कापाकापीत जातो, कारण एका ओळीत 42 कॅरेक्टर्स, जास्तीत जास्त दोन ओळी, आणि सॉफ्टवेअरला आपली जोडाक्षरं कळत नाहीत. ‘स्त्री’ हे डोळ्याला एक अक्षर, सॉफ्टवेअर मात्रा आणि हलन्तही वेगळे धरून मोजतं सहा. ‘वॉट्सन’ पण सहा. म्हणजे शेरलॉक होम्सने नुसतं ‘वॉट्सन’ म्हणून हाक मारली तरी माझ्या बजेटला कात्री. हा नियम ज्याने केला त्याने आयुष्यात एकदा तरी देवनागरी वाचलीय का, देव जाणे.

तर एका क्लायंटकडून (नाव नको) जुन्या पिक्चरचं पॅकेज आलं होतं. अमेरिकेत कॉपीराइट रिन्यू न झाल्याने पब्लिक डोमेनमध्ये पडलेले पिक्चर, म्हणजे फुकटात कंटेंट. त्यात 1946 चा ‘ड्रेस्ड टू किल’. बेसिल रॅथबोन होम्स, नायजेल ब्रूस वॉट्सन. युनिव्हर्सलने 1942 ते 46 मध्ये या जोडीचे 12 पिक्चर अक्षरशः पोळ्या लाटल्यासारखे काढले, त्यातला हा शेवटचा. 72 मिनिटं. पैसे वाचवलेले दिसतात, बराचसा पिक्चर चार भिंतींच्या आत, माणसं सोफ्यावर बसून बोलतायत. बोलतायत म्हणजे थांबतच नाहीत, नऊशेच्या वर सबटायटल्स झाली. पण मला असले पिक्चर आवडतात. मारामारी परवडत नाही म्हणून सगळं डोक्याने करावं लागतं.

गोष्ट अशी (ऐंशीच्या घरातला पिक्चर आहे, स्पॉयलर म्हणून ओरडू नका). डार्टमूरच्या तुरुंगात एक कैदी तीन साध्या म्युझिक बॉक्स बनवतो, त्या लिलावात स्वस्तात जातात, आणि मग ज्यांनी घेतल्या त्यांच्या मागे एक टोळी लागते. तिन्हींमध्ये एकच धून, पण प्रत्येकीत काही सूर मुद्दाम चुकवलेले. त्या चुकलेल्या सुरांत बँक ऑफ इंग्लंडच्या नोटा छापायच्या चोरलेल्या प्लेट्स कुठे लपवल्यात त्याचा पत्ता.

भाषांतरात मी तीन ठिकाणी अडकले. होम्स-वॉट्सन अरे-तुरे की अहो-जाहो, यावर माझं आणि क्यूसीवाल्याचं (म्हणजे माझं काम तपासणाऱ्याचं) दोन दिवस वाजलं, शेवटी अरे-तुरे. वॉट्सनच्या दोस्ताचं टोपणनाव ‘स्टिंकी’, मी ‘घामट्या’ केलं, लाल शेरा आला, परत स्टिंकी. आणि वॉट्सन सहज पियानोच्या एकोणिसाव्या पट्टीचं काहीतरी बोलतो त्यावरून होम्सची ट्यूब पेटते, पट्टीचा नंबर म्हणजे अक्षराचा नंबर, एकोणिसावं अक्षर एस! आता आपल्याकडे क पासून मोजलं तर एकोणिसावं ध येतं. तिथे ‘इंग्रजीतलं एकोणिसावं अक्षर, एस’ असं कोंबलं, कॅरेक्टर्स गेली खड्ड्यात.

पण खरा घोळ झाला तो संवाद नसलेल्या जागी. या ऑर्डरमध्ये कर्णबधिर प्रेक्षकांसाठी वेगळी फाइल होती. त्यात आवाज पण लिहायचे असतात, [दार आपटतं], [पावलं]. कपाटात कोंडलेल्या रडणाऱ्या पोरीला हसवायला वॉट्सन बदकासारखं क्वॅक करतो, तिथे [वॉट्सन बदकाचा आवाज काढतो] लिहिताना मी स्वतःच हसत होते. आणि बॉक्स वाजली की [म्युझिक बॉक्सची धून]. कॉपी, पेस्ट. पाठवून दिली.

चौथ्या दिवशी टेस्टरचा मेसेज. हे काका ठाण्याचे, बँकेतून रिटायर झालेले, लहानपणापासून ऐकू येत नाही. ते पॅनेलवर आहेत आणि त्यांचे रिपोर्ट आमच्या क्यूसीपेक्षा दहापट बरे असतात. लिहिलं होतं, ‘ताई, होम्स म्हणतो धुनेत फरक आहे. पण तुम्ही तर दर वेळी तेच लिहिलंत. असल्या पिक्चरमध्ये आपण वॉट्सनच्या एक पाऊल पुढे असतो, तीच तर मजा. इथे मी वॉट्सनच्याही मागे.’

मी गार. पहिला बचाव मनात असा आला की ऐकू येणाऱ्यांना तरी कुठे कळतं? म्हणून हेडफोन लावून परत ऐकलं. घामट्याच्या घरची पहिली बॉक्स, मग होम्सच्या हातात आलेली. आठ-दहा वेळा ऐकलं, मला काही फरक कळेना. शेवटी खालच्या मजल्यावर हार्मोनियम शिकवणाऱ्या काकूंकडे लॅपटॉप घेऊन गेले. त्या भाजी निवडत होत्या. दुसऱ्यांदा वाजवल्यावर मेथीची जुडी तशीच हातात धरून म्हणाल्या, ‘थांब थांब, हा गडी इथे घसरला बघ.’ मग पेटीवर वाजवून दाखवलं, मी वहीत दोन्ही धुना सारेगममध्ये एकाखाली एक लिहून घेतल्या.

म्हणजे फरक आहे, कानावर पडतो, पण शंभरातल्या नव्वद जणांच्या डोक्यावरून जातो. मग मी काय लिहू? ‘तीच धून’ लिहिलं तर धडधडीत खोटं. ‘वेगळी धून’ लिहिलं तर होम्सच्या आधी मीच केस सोडवून मोकळी. नुसतं ‘धून’ लिहिलं तर काका म्हणतात तसं, त्यांच्या हातात काहीच नाही. दिग्दर्शकाने क्लू सगळ्यांसमोर ठेवला, ज्याला सापडेल त्याचा. लिहिताना मात्र ‘समोर ठेवणं’ आणि ‘बोट दाखवणं’ यात जागाच उरत नाही.

खूप खाडाखोड करून दुसऱ्या बॉक्सला लिहिलं, [धून वाजते, मध्येच सूर अडखळतो]. अडखळतो म्हणजे जुनी बॉक्स आहे, कैद्याने केलेली आहे, असंही वाटू शकतं. मला बरं वाटलं होतं. क्यूसीने सव्वा तासात परत पाठवलं. शेरा, ‘स्पॉयलर. गाइडलाइनप्रमाणे करावे.’ गाइडलाइन म्हणजे [संगीत]. मी फोन केला, भांडले, तो म्हणाला मॅडम पर मिनिट किती मिळतात तुम्हाला, सोडा ना. खोटं नव्हतं त्याचं. क्लायंटच्या अ‍ॅपवर आता [संगीत] आहे, तिन्ही ठिकाणी.

रात्री राहवेना म्हणून वहीच्या त्या पानाचा फोटो काढून काकांना पाठवला. वर फक्त ‘पहिली बॉक्स’, खाली ‘होम्सकडची बॉक्स’, बाकी नुसते सूर. वीस मिनिटांनी तोच फोटो परत आला, खालच्या ओळीतल्या काही सुरांना लाल गोल. काकूंनी ‘घसरला’ म्हटलेलं त्यात होतंच, पण एक गोल असा होता जो काकूंनी पण सांगितला नव्हता. सकाळी खाली जाऊन विचारलं, त्यांनी चष्मा लावून पान बघितलं, पेटीवर दोनदा वाजवलं आणि म्हणाल्या, ‘अगंबाई, हो की.’

काकांच्या फोटोखाली एवढंच होतं, ‘तिसरी कधी पाठवताय? आणि कुठे लपवलंय ते सांगू नका, पिक्चर मध्येच थांबवून ठेवलाय.’